अलवायेचा चोथा, ट्रॉम्बेची शाळा

१९५५ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेला, एक कारखाना सुरू झाला. त्याचा कच्चा माल म्हणजे दुसऱ्या एका कारखान्याचा चोथा होता. केरळात पेरियार नदीच्या काठी अलवाये इथे इंडियन रेअर अर्थ्‌स ही सरकारी कंपनी मोनाझाइट नावाची समुद्रवाळू कॉस्टिक सोड्यात शिजवत असे. वाळूतल्या फॉस्फरसचं ट्रायसोडियम फॉस्फेट व्हायचं, ते धुण्याच्या कामासाठी विकलं जाई. सेरियम, लँथॅनम वगैरे दुर्मीळ मृदा धातूंचं क्लोराइड गिऱ्हाइकाकडे जाई. मागे उरे तो थोरियमचा ओला, जड, किरणोत्सारी गाळ आणि त्यात मिसळलेलं थोडंसं युरेनियम. हाच गाळ ट्रॉम्बेला येऊ लागला. बाजाराच्या हिशेबात तो चोथा होता. अणुशक्ती कार्यक्रमाचे प्रणेते होमी भाभा यांच्या हिशेबात वाळू शिजवण्याचा सगळा खटाटोप त्या चोथ्यासाठीच होता.

या वाळूचा इतिहासही टाकाऊपासूनच सुरू होतो. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून काथ्या युरोपात जात असे. त्या काथ्याला चिकटून जाणारी वाळू कुणाच्याच लेखी नव्हती. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या वाळूच्या कणांत मोनाझाइट सापडलं. माग काढत तो त्रावणकोरातल्या मानवालकुरिचीला पोचला आणि तिथे त्यानं वाळू वेगळी करण्याचं काम सुरू केलं. पहिलं महायुद्ध पेटलं तसा तो धंदा जर्मनांच्या हातून इंग्रजांकडे गेला. पुढची तीसेक वर्षं भारताचं मोनाझाइट जहाजांनी बाहेर गेलं. स्वातंत्र्याच्या तोंडावर कच्च्या वाळूच्या निर्यातीला बंदी आली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌सची स्थापना झाली. एका फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक मदतीनं अलवायेचा कारखाना उभा राहिला आणि १९५२ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. केरळच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड आठ-नऊ टक्के असतं, युरेनियम ऑक्साइड जेमतेम ०.३५ टक्का. आज हे आकडे किरकोळ वाटतील. त्या काळात झारखंडातल्या जादुगुड्याची युरेनियमची खाण सुरू व्हायला बराच अवकाश होता. देशात हाताशी असलेलं युरेनियम या चोथ्यात होतं.

एवढ्या थोरियमचं तेव्हा करायचं काय, याचं एक उत्तर आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांत रोज रात्री पेटत होतं. वीज पोचण्याआधी लग्नाचा मांडव, दंडार, तमाशा, भजनी मंडळ, जत्रा, सगळं गॅसबत्तीच्या उजेडात चाले. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी. तिथे दूरदूरहून येणाऱ्या यात्रेकरूंच्या मुक्कामातही उजेड असे तो याच बत्त्यांचा. बत्तीचं मेंटल ज्यांनी बांधलं आहे त्यांना ते नीट आठवत असेल. पांढऱ्या जाळीची मऊ पिशवी दोरीनं नळीला बांधायची, काडी लावायची, कापड जळून गेलं की राखेसारखा पांढरा सांगाडा उरायचा. मग पंप मारला, रॉकेलची वाफ त्या सांगाड्यात पेटली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडे. बोट लागलं तर सांगाडा भुगा होऊन जाई, म्हणून बत्तीजवळ पोरांना फिरकू देत नसत. तो सांगाडा थोरियम ऑक्साइडचा असे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १८९० च्या सुमारास हे मिश्रण पक्कं केलं होतं, ९९ भाग थोरियम आणि एक भाग सेरियम. कापड या दोन्हींच्या नायट्रेटमध्ये भिजवून वाळवायचं. ट्रॉम्बेच्या कारखान्यात चोथ्यापासून जे थोरियम नायट्रेट बने, ते देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांना जाई. अणुशक्ती खात्याचा कारखाना आणि खेड्यातली कीर्तनाची रात्र यांचा असा थेट संबंध होता, आणि तो फार थोड्या लोकांना ठाऊक होता.

थोरियमबरोबरचं युरेनियम मात्र मेंटलसाठी नव्हतं. ते अणुभट्टीसाठी हवं होतं, आणि अणुभट्टीला चालेल इतकं शुद्ध. इथूनच या हकिगतीला खरा रंग चढतो.

अणुभट्टीच्या इंधनात बोरॉन, कॅडमियम, गॅडोलिनियम अशी मूलद्रव्यं चुकून राहिली तर ती न्यूट्रॉन गिळून टाकतात आणि साखळी प्रक्रिया चालत नाही. बोरॉनचं प्रमाण दहा लाखांत एक भागाच्याही खाली आणावं लागतं. भट्टीत वितळवून, गाळून, स्फटिक पाडून एवढी शुद्धता मिळवणं फार खर्चाचं आणि वेळखाऊ. त्यावर तोडगा होता द्रावक निष्कर्षणाचा. वऱ्हाडातल्या माणसाला या पद्धतीचा एक भाऊबंद चांगला माहीत आहे. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये सोयाबीनमधलं तेल हेक्झेननं ओढून घेतात आणि ढेप मागे राहते. धातूंच्या बाबतीत घन ढेपेच्या जागी धातू विरघळलेलं आम्लाचं पाणी असतं, आणि हेक्झेनच्या जागी असं द्रावक, ज्याला पाण्यात मिसळायचं नसतं पण एका विशिष्ट धातूचं भारी आकर्षण असतं.

युरेनियमला ईथरची ओढ आहे हे फ्रान्सच्या युजेन पेलिगोनं १८४२ मध्येच पाहिलं होतं. शंभर वर्षं ती माहिती पुस्तकात पडून राहिली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला टनावारी शुद्ध युरेनियम हवं झालं, तेव्हा सेंट लुईसच्या मॅलिन्क्रॉट कंपनीनं ईथरनंच ते शुद्ध करून दिलं. ईथर सहज पेट घेतं, त्यामुळे ते काम जिवावर उदार होऊन करण्याचं होतं. १९४९ मध्ये वॉर्फ नावाच्या रसायनतज्ज्ञानं ट्रायब्युटिल फॉस्फेट सुचवलं. हा मंद वासाचा, सहजी न पेटणारा, नायट्रिक आम्लात टिकून राहणारा तेलकट द्रव. रसायनवाल्यांच्या तोंडी तो टीबीपी झाला. तो रॉकेलसारख्या तेलात तीस टक्के मिसळायचा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगातल्या बहुतेक अणुकेंद्रांनी हेच मिश्रण पत्करलं.

हे काम जवळून पाहिलं की पटतं. प्रयोगशाळेत ते नासपतीच्या आकाराच्या काचेच्या नरसाळ्यात करतात, खाली तोटी, वर बूच. नायट्रिक आम्लातलं युरेनियमचं पाणी लिंबासारखं पिवळं असतं. त्यावर टीबीपीचं रंगहीन मिश्रण ओततात, बूच घट्ट दाबून नरसाळं उलटं करतात आणि हलवतात. मधूनमधून तोटी किंचित उघडून वाफ सोडावी लागते, नाहीतर बूच उडतं. मग नरसाळं कड्यात उभं ठेवायचं आणि वाट पाहायची. आधी सगळं दुधाळ होतं, हळूहळू मधे एक रेघ उमटते, ती स्पष्ट होत जाते. तेलाचा थर हलका म्हणून वर राहतो. आता तो पिवळा झालेला असतो आणि खालचं पाणी फिकं पडलेलं. युरेनियम वर चढलं, लोह, तांबं, ॲल्युमिनियम, बोरॉन खाली राहिलं. तोटी उघडून खालचं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं आणि रेघ तोटीपाशी आली की झटकन बंद करायची. शेवटचा थेंब कुणाच्या बाजूचा हे ठरवणं सवयीचं काम आहे. मग त्याच पिवळ्या तेलावर जवळजवळ साधं पाणी ओतून पुन्हा हलवलं की युरेनियम तेल सोडून पाण्यात उतरतं, आणि तेल पुढच्या खेपेला मोकळं होतं. आम्ल भरपूर असेल तर धातू तेलाकडे, आम्ल कमी झालं की पाण्याकडे. धातूला इकडून तिकडे नेण्याची ही किल्ली हाती आली की बाकीचं काम चिकाटीचं. एका खेपेत पूर्ण वेगळं होत नाही म्हणून खेपा एकापाठोपाठ लावायच्या, तेल एका टोकाकडून आणि पाणी समोरच्या टोकाकडून वाहतं ठेवायचं. कारखान्यात नरसाळ्याच्या जागी मिसळण्याच्या आणि निवळण्याच्या टाक्यांची रांग येते, किंवा उंच स्तंभ येतात.

ट्रॉम्बेला अणुशक्ती संस्थेची स्थापना १९५४ च्या जानेवारीत झाली होती. एक उपेक्षित डोंगर, भोवती खाडी आणि कोळ्यांची वस्ती अशी ती जागा. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू झाली, तिचं समृद्ध युरेनियम ब्रिटननं दिलं होतं. पुढची ‘सायरस’ ही मोठी भट्टी साध्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणार होती, आणि तिचं इंधन इथेच करायचं असं ठरलं. धातुशास्त्राची सूत्रं ब्रह्मप्रकाश यांच्याकडे होती, रासायनिक अभियांत्रिकीची होमी सेठना यांच्याकडे. सेठनांनी त्याआधी अलवायेचा कारखाना उभा केला होता, त्यामुळे त्या चोथ्याची कुंडली त्यांना पाठ होती. टीबीपीनं शुद्ध केलेल्या युरेनियमपासून अणुभट्टीला योग्य अशी धातूची पहिली लगड १९५९ च्या जानेवारीत ट्रॉम्बेला निघाली.

त्या लगडीइतकंच महत्त्व मी तिच्या तपासणीला देतो. दहा लाखांतला एक भाग मोजता आला नाही तर शुद्ध केलं म्हणण्याला अर्थ राहत नाही. ट्रॉम्बेच्या विश्लेषण विभागाचे प्रमुख व्ही. टी. आठवले होते. त्यांच्या विभागातून थोरियम, युरेनियम आणि दुर्मीळ मृदा धातू एकमेकांपासून वेगळे करून मोजण्याच्या पद्धतींवर निबंध निघत राहिले. त्या निबंधांवरच्या नावांत मराठी नावं पुष्कळ आहेत. महाविद्यालयात रसायनाची पदवी घेतलेली ती पिढी आधी नरसाळं हातात धरायला शिकली आणि मग तिनं कारखाने उभे केले. भाभांचं नाव सगळे घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. पण शेवटचा थेंब कुणाच्या बाजूचा हे ठरवणाऱ्या या लोकांशिवाय भाभांची अणुशक्तीची योजना कागदावरच राहिली असती असं मला ठामपणे वाटतं.

‘सायरस’ १९६० च्या जुलैमध्ये सुरू झाली. भट्टीतून बाहेर येणारं इंधन हा त्या शाळेचा पुढचा आणि फार अवघड धडा होता. वापरून झालेल्या युरेनियमला जगाच्या बहुतेक भाषांत कचराच म्हटलं जातं. टनभर इंधनात जेमतेम किलोभर प्लुटोनियम तयार झालेलं असतं. बाकीचं बहुतेक युरेनियम, आणि त्यात सीझियम, स्ट्राँशियम, रुथेनियम अशा विखंडनातून निपजलेल्या डझनावारी मूलद्रव्यांचा जीवघेणा किरणोत्सार. या ढिगातून प्लुटोनियम काढण्याचा कारखाना ट्रॉम्बेलाच उभारायचं १९५८ मध्ये ठरलं. प्रकल्पाचं नाव ‘फिनिक्स’. १९६१ मध्ये बांधकामाला हात लागला आणि सेठनांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये कारखाना चालू झाला. २२ जानेवारी १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हा असे कारखाने जगात मोजक्याच देशांत होते.

रसायन तेच, टीबीपी आणि नायट्रिक आम्ल, पण इथे कुणी नरसाळ्याजवळ उभं राहू शकत नाही. सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड. इंधनावरचं ॲल्युमिनियमचं आवरण कॉस्टिक सोड्यात विरघळवून टाकायचं, मग आतलं युरेनियम नायट्रिक आम्लात. ते पाणी उंच स्तंभांत जातं. स्तंभात भोकं पाडलेल्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि आतल्या द्रवाला बाहेरून ठरावीक लयीत धक्के दिले जातात. त्या धक्क्यांनी तेलाचे बारीक थेंब होऊन ते चकत्यांमधून वर सरकतात. आत फिरणारा एकही यांत्रिक भाग नाही, कारण तो बिघडला तर दुरुस्तीला आत जाणार कोण? युरेनियम आणि प्लुटोनियम दोन्ही तेलात चढतात आणि विखंडनातली बहुतेक द्रव्यं पाण्यात राहतात. आता दोघांना एकमेकांपासून सोडवायचं. इथे रसायनाची खरी चतुराई आहे. प्लुटोनियमला एक इलेक्ट्रॉन देऊ केला की त्याची अवस्था चारवरून तीनवर येते, आणि तीनच्या अवस्थेतल्या प्लुटोनियमला टीबीपीची ओढ राहत नाही. ते निमूट पाण्यात उतरतं, युरेनियम तेलातच बसून राहतं. रंगही बदलतो. चारच्या अवस्थेतलं प्लुटोनियम तपकिरी-हिरवट, तीनच्या अवस्थेतलं निळं.

किरणोत्सारामुळे टीबीपी स्वतःही मोडतं आणि त्याचे तुकडे धातूला धरून ठेवतात, म्हणून तेल प्रत्येक फेरीनंतर धुण्याच्या सोड्यानं धुवावं लागतं. तेल आणि आम्ल एकत्र फार तापलं तर स्फोटाची भीती. १९९३ मध्ये रशियातल्या टोम्स्कजवळ असाच स्फोट होऊन किरणोत्सार आसपासच्या भागात पसरला. ट्रॉम्बेच्या लोकांनी हे सगळं मुख्यतः स्वतःच्या आराखड्यांवर आणि चाचण्यांवर निभावलं. आपल्या अभियांत्रिकीच्या इतिहासात या कारखान्याला मानाचं पान मिळायला हवं होतं, ते अजून मिळालेलं नाही.

त्याचं एक कारणही उघड आहे. या कारखान्यातलं प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरणच्या अणुस्फोटात वापरलं गेलं. त्यानंतर कॅनडानं सहकार्य तोडलं, अमेरिका आणि इतर देशांनी निर्बंध घातले. ‘सायरस’ कॅनडानं शांततेच्या कामासाठी दिली होती ही त्यांची तक्रार मला पोकळ वाटत नाही. पण निर्बंधांचा दुसरा परिणामही नोंदवायला हवा. बाहेरून द्रावक मिळण्याची खात्री उरली नाही, तेव्हा अणुशक्ती खात्याच्या जड पाणी मंडळानं पुढे ओडिशातल्या तालचेरसारख्या ठिकाणी टीबीपी आणि त्याच्या जातीची इतर द्रावकं देशातच बनवायला घेतली. तारापूरलाही वापरलेलं इंधन पुन्हा उपसण्याचा कारखाना सत्तरच्या दशकात आला. दार बंद झाल्यानं घरात शिकावंच लागलं.

ट्रॉम्बेबाहेर ही विद्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत रुजली, आणि ती हकिगत कमी सांगितली जाते. पवईच्या आयआयटीत एस. एम. खोपकर यांनी मेसिटिल ऑक्साइड, पुढे क्राउन ईथर अशी वेगवेगळी द्रावकं घेऊन पुष्कळ धातूंच्या निष्कर्षणाच्या पद्धती बसवल्या. ए. के. डे आणि आर. ए. चामर्स यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं धातूंच्या द्रावक निष्कर्षणावरचं इंग्रजी पुस्तक १९७० मध्ये निघालं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत संदर्भासाठी वापरलं गेलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम. बी. चव्हाण आणि नंतर एम. ए. अनुसे यांच्या हाताखाली एक सबंध परंपराच तयार झाली. तिथे जाड भिंती नव्हत्या, किरणोत्सार नव्हता, सरकारी गुपित नव्हतं. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या खेड्यांतून आलेली मुलंमुली होती, तीच काचेची नरसाळी होती आणि प्रयोगशाळेत स्वतः बनवलेली द्रावकं. ऑक्टिलॲनिलीन आणि ऑक्टिलअमिनोपिरिडीन ही त्यांतली नावाजलेली. पॅलेडियम, ऱ्होडियम, सोनं, इंडियम, थॅलियम, गॅलियम, एकेक धातू घेऊन कुठल्या आम्लात, किती तीव्रतेत, किती मिनिटं हलवल्यावर तो पूर्णपणे वर चढतो आणि कोणते शेजारी त्याच्याबरोबर घुसतात, याचे तक्ते त्यांनी तयार केले. असं काम बाहेरच्याला कंटाळवाणं वाटतं. पण कुठल्याही भंगारातून धातू काढायचा म्हटला की पहिल्या दिवशी हेच तक्ते लागतात.

ट्रॉम्बेच्या चोथ्याच्या गोष्टीला गेल्या काही वर्षांत एक नवं वळण मिळालं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. प्लुटोनियम-युरेनियम काढून घेतल्यावर उरणारं पाणी ही अणुउद्योगातली सर्वांत धोक्याची टाकाऊ वस्तू. ते काचेत कोंडून पोलादी डब्यांत ठेवायचं, ही जगाची रीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं, म्हणजे पूर्वीच्या अणुशक्ती संस्थेनं, ठरवलं की काचेत कोंडण्याआधी त्यातून उपयोगाचं काढून घ्यायचं. सीझियम-१३७ त्यात भरपूर असतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षं. पण सोडियमच्या महासागरात सीझियम ओळखून काढणार कसं? दोघे एकाच कुळातले. त्यासाठी कॅलिक्सअरीन-क्राउन नावाचा रेणू वापरला गेला. त्याच्या आत जी पोकळी आहे तिच्यात सीझियमचा आयन नेमका बसतो, सोडियमचा आयन लहान म्हणून तिथे टिकत नाही. क्राउन ईथरचं हेच कुळ पवईत खोपकरांच्या प्रयोगशाळेत हाताळलं गेलं होतं.

असं काढलेलं सीझियम काचेत मिसळून ती काच भरलेल्या पोलादी नळ्या, त्यांना तिथे पेन्सिली म्हणतात, तयार केल्या गेल्या. त्या रक्तपेढ्यांतल्या यंत्रात बसतात. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे अशा रुग्णाला रक्त देताना, दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्या अंगावर उलटू नयेत म्हणून रक्तावर आधी गामा किरणांचा मारा करावा लागतो. जगात या कामाला बराच काळ सीझियम क्लोराइडची भुकटी वापरली गेली, आणि भुकटी पाण्यात विरघळते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका ओस पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचाराचं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं. आतली निळसर चमकणारी भुकटी त्यांनी घरी नेली, नातलगांत वाटली. चार माणसं गेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. काचेतलं सीझियम असं हातोहात पसरत नाही. त्याच टाकाऊ पाण्यातून रुथेनियम-१०६ काढून ते बसवलेल्या चांदीच्या चकत्याही ट्रॉम्बेला होऊ लागल्या. डोळ्यातल्या कर्करोगावर त्या काही काळ नेत्रगोलाला बाहेरून लावून ठेवतात. आधी त्या परदेशातून आणाव्या लागत. तारापूरला २०१३ पासून याच टाकाऊ पाण्यातून अमेरिशियमसारखी फार दीर्घायुषी मूलद्रव्यं वेगळी काढण्याची सोय सुरू आहे, म्हणजे जमिनीत पुरायचा जो कचरा लाखो वर्षं जपावा लागला असता, त्याचा काळ शेकड्यांवर आणता येईल.

आता हीच विद्या साध्या उद्योगाच्या ढिगाऱ्यांकडे वळते आहे, आणि त्यातला एक पत्ता आमच्या बाजूचा आहे. नागपूरच्या वाडीला, अमरावती रस्त्यावर, जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही खाण मंत्रालयाची संस्था लाल चिखलावर काम करते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना एक टन ॲल्युमिनामागे टनभर किंवा त्याहून अधिक हा चिखल उरतो, भयंकर क्षारयुक्त. राधानगरीच्या डोंगरातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात आलं आहे, म्हणजे सीमाभागातल्या माणसाला हा चिखल काही परका नाही. २०१० मध्ये हंगेरीतल्या आयका गावाजवळ अशा चिखलाचा बांध फुटला आणि दहा माणसं मेली. त्याच चिखलात टायटॅनियम, व्हॅनेडियम, थोडं गॅलियम, आणि टनामागे ग्रॅमांत मोजावं असं स्कँडियम असतं.

गॅलियम तर बॉक्साइट विरघळवणाऱ्या कॉस्टिकच्या पाण्यातच साठत जातं. ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. सत्तरच्या दशकात फ्रान्सच्या रोन-पुलांक कंपनीनं केलेक्स नावाच्या द्रावकानं ते थेट तिथून उचलण्याची रीत बसवली होती. कोल्हापूरच्या अनुसे आणि सहकाऱ्यांनी ऑक्टिलअमिनोपिरिडीननं गॅलियम वेगळं काढलं तेव्हा तपासणीसाठी नमुना म्हणून बॉक्साइटच घेतलं होतं, तो निबंध २०१० मध्ये छापला गेला. हा धातू २९.८ अंशांना वितळतो, अकोल्याच्या चैत्रात कपाटात ठेवला तरी द्रवच राहील. मोबाइलच्या चिप आणि एलईडी दिव्यांत तो लागतो. २०२३ च्या जुलैमध्ये चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन जाहीर केलं आणि जगभरच्या कारखान्यांना घाम फुटला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं महत्त्वाच्या खनिजांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक भंगारातून असे धातू काढणाऱ्यांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजनाही आली.

पैसा आला ते बरंच झालं. पण लाल चिखलाची अडचण पैशापेक्षा रसायनाची आहे. त्यात लोहाचा भाग इतका मोठा असतो की आम्लात टाकल्यावर आम्ल आधी लोह आणि उरलेल्या क्षारातच संपतं. पुढे स्कँडियमसाठी तेल ओतलं तर तिथेही लोह, टायटॅनियम मधे घुसतात. मग खर्च स्कँडियमच्या किमतीच्या वर जातो. म्हणून आधी लोह आणि ॲल्युमिना वेगळं करून त्यांना सिमेंट-पोलादाच्या कामाला लावायचं आणि उरलेल्या थोड्याशा चोथ्यातच द्रावक निष्कर्षण करायचं, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. अलवायेलाही असंच झालं होतं. फॉस्फेट आणि दुर्मीळ मृदा विकून कारखान्यानं त्यावर मिळकत केली, म्हणूनच उरलेला गाळ ट्रॉम्बेपर्यंत नेणं परवडलं.